बारदान वजा जाता

वजनाच्या बाबतीत आमच्या मामांइतका हट्टी माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही. सिरसाळ्याच्या बाजारात त्यांनी जन्मभर मापाडी म्हणून धान्य तोललं, आणि रिकाम्या पोत्याचं वजन, म्हणजे बारदान, वजा केल्याशिवाय कुणाचंच माप मानलं नाही. नवरदेवाला तोलायची वेळ आली असती तर आधी फेटा वजा केला असता! असा माणूस एकसष्टाव्या वर्षी जिमला जाऊ लागला तेव्हा गाव हसलं, मीही पोटभर हसून घेतलं. कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. खुब्याचं हाड मोडल्यापासून मामींना उचलून दारापुढच्या ओट्यावर बसवायला दोन शेजारी लागत. "लोकांला रोज किती हाका मारायच्या?" म्हणत मामींनी ओट्याचं नावच टाकलं होतं. दिवसभर आत भिंतीकडे बघत पडून राहायच्या.

मामा जात भर दुपारी, जिम रिकामी असताना. शिकवणारा संध्याकाळी यायचा, म्हणून त्याचे नियम मामांनी घोकून ठेवलेले: पाठ ताठ, वजन अंगालगत, जोर पायांचा, श्वास कोंडायचा नाही. पुढे ते घरादाराला लागू झाले. एकदा मी वाकून माझीच बॅग उचलायला गेलो तर मामा ओरडले, "पाठ कावून मोडायलास? गुडघे वाकीव!" त्या शिकवणीत माझी एसटी गेली. एकट्यानं उताणं पडून छातीवर लोखंड घ्यायचा प्रकार मात्र त्यांनी कधीच केला नाही. "मागं धरायला कोण हाय?" वजनं अडकवायच्या लोखंडी दांड्याशी सारख्या गप्पा, "चल बे, ऊठ!" आणि मोजणी मापाड्याची, पहिल्याला एक नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन...

पहिले दोन महिने ते नुसता दांडा उचलत आणि विचारलं की पडेल चेहऱ्यानं "शून्य किलो" सांगत. हळूहळू पंचवीसवर आले.

"तुझी मामी पंचेचाळीस हाय," एकदा घरी अंगणात म्हणाले. "अजून वीस राह्यलं. या जन्मी होतंय का न्हाई, कोण जाणे."

"मामा, दांडा धरलात का त्यात?"

"दांडा कावून धरायचा? ते बारदान हाय."

"अहो, दांडाच वीस किलोचा असतो!"

मामा मटकन बाजेवर बसले. मग उठले ते थेट आत. पाठ ताठ, वजन अंगालगत. आतून "लाभ!" ऐकू आलं आणि मामी ओट्यावर आल्या.

"माझं बारदान किती धरलं वो?" मामींनी हसत विचारलं.

"तुला बारदान न्हाई. समदी वजनातच हायस."

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

आता कधीही जा, सकाळी आतून "लाभ" ऐकू येतं आणि दिवेलागणीला ओट्यावरून "दोन". मामी हल्ली वाळत चालल्यात, मला दिसतं. परवा भीतभीतच विचारलं, "मामा, मामींचं वजन किती भरतं आता?" जन्मात कधी खोटं माप न सांगितलेला तो माणूस माझ्याकडे न बघता म्हणाला, "पंचेचाळीसच हाय."