सुपडू हात धुवत नाही

सुंदराबाई सुरतेला डिंडोलीतल्या खोलीत साड्यांचे धागे कापतात. उरलेल्या चिंध्यांच्या बाहुल्या शिवतात, आत हात घालून बोलत्या करायच्या.

अंगणवाडीच्या नूतनबेननी मुलांना हात धुवायला शिकवणारा बाहुला मागितला. सुंदराबाईंनी कागदाच्या लगद्याचं डोकं केलं. ते तडकलं. दुसरंही तडकलं. तिसरं त्यांनी सुपात ठेवून वाळवलं आणि तोंडातून सहज निघून गेलं, "हा सुपडू." आधीची मुलं जगली नाहीत, की खानदेशात पुढच्याला सुपात घालून हेच नाव ठेवतात.

अंगणवाडीत सुपडू सुरुवातीला शहाण्यासारखा गुजराती बोलला, "हा बेन, हाथ धोई लउं छुं." तेवढ्यात एका पोरीनं अहिराणीत नाव विचारलं, आणि तो एकदम ओरडला, "मी हात धोवाव नही!" पोरं हसून लोळली. मग त्यांनीही हात धुवायला नकार दिला.

"सुंदराबेन, हे काय शिकवताय?" नूतनबेन म्हणाल्या.

सुंदराबाई आपल्याच हाताकडे बघत राहिल्या. असं काही त्यांनी ठरवलंच नव्हतं.

संध्याकाळी मुलगा योगराज कारखान्यातून आला. अंगणवाडीतला प्रकार आणि बाहुल्याचं नाव ऐकून त्याचा चेहरा उतरला. "माय, हाई मन्हं नाव शे."

खरंच होतं. दोन बाळं गेल्यावर तो झाला होता. शाळेत योगराज लिहिलं, तोवर तो सुपडूच होता. सुरतेत त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. आपण हे विसरलो होतो, की आठवूनच नाव ठेवलं? सुंदराबाईंना काही कळेना.

त्यांनी बाहुल्याचं नाव किरण केलं. पण किरणला बोलताच येईना. हात आत घातला की शब्दच सुचेनात.

त्यांची ती धडपड बघून योगराजनं बाहुला ओढून घेतला, हातात चढवला आणि म्हणाला, "मी हात धोवाव नही!" अगदी तोच हेका, तोच आवाज.

"अरे, लहानपणी तू असाच म्हणायचास का?"

"मला काय माहीत? मला वाटलं, तूच त्याला शिकवलंस."

त्यानं बाहुला काढून आईच्या हातात दिला. मग योगराज म्हणाला, "राहू दे सुपडूच."

पुढच्या वेळी सुपडूनं पुन्हा नकार दिला. तेव्हा पोरांनीच त्याला धरून नळाखाली नेलं. त्याचे हात धुता धुता सगळ्यांचे धुऊन झाले. नूतनबेनना रागवावं की हसावं, ते कळलं नाही.