बोरीवलीचा बिनडोळ्यांचा बिबट्या

शनिवारी पोळीभाजीचा गाडा बंद ठेवला आणि धाकट्या जावेबरोबर बोरीवलीला निघाले. सुमनला तिथल्या एका सोसायटीने भिंतीवर बिबट्या काढायला बोलावलं होतं. दिराने निघतानाच ऐकवलं, "आज पैसे आणलेस तर पुढे चित्रं काढ. नाहीतर गुपचूप साड्यांना फॉल लावत बस." सुमन कुणाला उलट बोलत नाही. म्हणून मी बरोबर.

घाटकोपरहून जाणार असाल तर ऐका. मेट्रोने हायवेच्या स्टेशनला उतरायचं, पुलावरून चालत गुंदवली, तिथून दुसरी मेट्रो थेट राष्ट्रीय उद्यान. दोघींचं जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास. एसी झकास.

पोचलो तर रंगारी भिंत पांढरी करून हात धूत होता. चेअरमननी त्याची मजुरी तिथल्या तिथे हातावर ठेवली. म्हटलं, माणसं बरी दिसतायत.

सुमन कामाला लागली. मला बसून राहणं जमत नाही, मी उद्यानात गेले. सोमवारी बंद असतं, ध्यानात ठेवा. माकडं ढीगभर, बिबट्या नाही. दारातली तिखटमीठ लावलेली काकडी मात्र सोडू नका.

परत आले तर भिंतीवर बिबट्या बसलेला. फांदीवर, पोटभर जेवून सुस्तावलेला. फक्त डोळे नव्हते. डोळे ती शेवटी काढते.

चेअरमन खूश. "वा! पाच वाजता उद्घाटन. ताईंचा सत्कार करू. शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र."

"आणि पैसे?" मी विचारलं.

"अहो, कलेचं मोल कसं करणार? देवाची देणगी ती! शिवाय ताईंचं नाव होईल."

"देणगी देवाची असेल, घाम हिचा गळतोय. भिंत पांढरी करणाऱ्याला मजुरी, आणि बिबट्या काढणारीला नारळ?"

"त्याचं ते काम आहे हो."

"मग ही काय सकाळपासून ऊन खायला आलीय? माझ्याकडून पोळ्या नेताना कुणी म्हणत नाही, बाई, तुझं नाव होईल. सुमे, ब्रश धू."

"ताई, राहू दे ना..." सुमन पुटपुटली.

"धू म्हणते ना!"

धुतला. पाच वाजत आले. खुर्च्या लागल्या, लोक खाली उतरले. एक गुजराती आजी भिंतीजवळ गेल्या, चष्मा पुसला, परत बघितलं. "चेअरमन, आ तो आंधळो छे!"

सगळे हसले. चेअरमन घामाघूम. "किती म्हणता तुम्ही?" सुमनने माझ्या कानात आकडा सांगितला, मी तो अख्ख्या सोसायटीला सांगितला. पैसे आले, मग डोळे आले. आजी दोन पावलं मागे सरकल्या. नारळही घेतला. का सोडू?

तुम्ही गेलात तर उद्यानाच्या बाजूच्या गल्लीत बघा. बिबट्या फुकट बघायला मिळतो. काढून फुकट मिळालेला नाही.

घरी दिराने नोटा बघितल्या. उठून पंखा वाढवला आणि सुमनला म्हणाला, "बस जरा."

मीही तोऱ्यातच होते. म्हटलं, "सुमे, उद्या माझ्या गाड्याची पाटी रंगवून दे गं. पाच मिनिटांचं तर काम."

ती नारळ खवत होती. मान वर न करता म्हणाली, "किती देणार, ताई?"

दीर खो खो हसला. मी बटवा काढला.

निम्मे आगाऊ घेतले बयेने.