ओढ्याकाठची शिंदी

नातीनं पर्यावरणाच्या इतिहासावरचं एक जाडजूड पुस्तक माझ्या पुढ्यात ठेवलं. "आजी, यात तुझा मुलूख आहे बघ." शिंदीच्या दारूवर निजामाला कर मिळायचा, म्हणून चळवळीतल्या लोकांनी शिंदीची झाडं तोडली, एवढं एकच वाक्य होतं. ते वाचलं आणि ओल्या शिंदीचा गोडूस, आंबूस वास नाकात भरला.

येरमाळ्याजवळच्या आमच्या ओढ्याचे दोन्ही काठ शिंदीनं गच्च होते. झाडं तोडायची ठरली त्या सकाळी सगळं गाव कुऱ्हाडी घेऊन तिथं जमलं. पुढं माझे वडील, अण्णा. झाड कोसळलं की जयजयकार व्हायचा आणि सुगरणींची घरटी पाण्यात पडायची. मीही घसा बसेस्तोवर ओरडत होते. शिंदीच्या पाल्याचे झाडू आणि चटया करून पोट भरणारी गोदाबाई तेवढी आडवी आली.

"अण्णा, निजाम जाईल बी, पर म्या चटया कशाच्या इणू?"

"जरा दम धरा, गोदाबाई. आपलं राज्य आलं की ह्याच्या दुप्पट लावू."

तिला ते पटलं. ती बाजूला झाली.

निजाम गेला. झाडं कुणीच लावली नाहीत. मुळं नसलेले काठ दर पुरात ढासळत गेले, ओढा गाळानं भरला. गोदाबाई गाव सोडून गेली, ती कुठं गेली हे अण्णांनीही कधी विचारलं नाही.

हे सगळं ऐकल्यावर नात ओढा बघायच्या हट्टाला पेटली, म्हणून तिला गावी घेऊन गेले.

"कुठंय तुझा ओढा?" तिनं विचारलं.

आम्ही ओढ्यातच उभ्या होतो.