साडूंची लाल गाडी आणि माझी नजर

माझ्या साडूंनी स्पोर्ट्स कार घेतली, त्या दिवशी मला ताप आला. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे. बायको म्हणाली, "कसलं व्हायरल? जळफळाट आहे नुसता!" (हिचं निदान फुकट असतं आणि चुकत नाही.)

साडू म्हणजे दिलीपभाऊ, माझ्या मोठ्या मेहुणीचे, मंगलताईंचे यजमान. जळगावला त्यांचा केळीचा व्यापार. मी धुळ्याला शाळेत विज्ञान शिकवतो. आता तुम्हीच सांगा, केळीवाल्या माणसाला दोन सीटची गाडी कशाला? लालभडक, जमिनीला चिकटलेली! खड्ड्यात गेली तर शोधायला माणसं सोडावी लागतील! असं मी स्टाफरूममध्ये, भाजीबाजारात, दाढी करताना न्हाव्यालासुद्धा सांगत होतो. आणि मनात एकच, की मेली एकदा तरी चालवायला मिळावी.

ताप अंगात असतानाच आम्ही गाडी बघायला जळगावला गेलो. दिलीपभाऊंनी काळा चष्मा लावला. मंगलताई पर्स मांडीवर घेऊन शेजारी बसल्या. दिलीपभाऊंनी बटण दाबलं.

गाडी ढिम्म!

"चावी?" मी विचारलं.

"हिच्या पर्समध्ये. या गाडीला चावी लावायची नसते, प्रकाशराव. गाडीत नुसती असली की झालं. तुमच्या डबड्यासारखं नाही!"

पुन्हा बटण. पुन्हा ढिम्म. समोर अक्षरं आली, चावी सापडत नाही. "अरे, इथंच तर आहे, आंधळी आहेस का?" दिलीपभाऊ गाडीवर खेकसले. मला आतून इतकं बरं वाटलं, की ताप तिथंच उतरला!

पण आम्ही धुळ्याला पोचतो न पोचतो तोच ताईंचा फोन. "झाली हो चालू! पहिल्याच झटक्याला!"

मग हे असंच सुरू झालं. एरवी गाडी वाऱ्यासारखी पळायची. मी गेलो की मुकी! चावीतला सेल बदलला, मग गाडीची बॅटरी बदलली. नाशिकच्या वर्कशॉपात गाडी नेली, तर तिथं ती शहाण्या पोरीसारखी सुरू झाली. त्यांनी कॉम्प्युटर लावून तपासली आणि सांगितलं, "साहेब, हिला काही झालेलं नाही."

शेवटी निकाल दिला आमच्या सासूबाईंनी. त्यांना सगळे अक्का म्हणतात. अक्का म्हणाल्या, "गाडीले नजर लागनी शे. कोनी लागनी, ते मी काय सांगू?" आणि माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं!

झालं! सासुरवाडीत माझी शोभा झाली. मी गेलो की नव्या फ्रिजवर चादर पडायची. मेहुण्याच्या बाळाला एवढं काजळ फासायचे, की बाळ कुठल्या बाजूनं रडतंय ते कळायचं नाही. धाकट्या मेहुणीनं तर नव्या बांगड्या पदराखाली लपवल्या! जळत होतो हो मी, नाही कशाला म्हणू? पण इंजिन बंद पाडण्याइतका? बायको मात्र त्या रात्री खरंच रडली. "माझ्या माहेरी माझ्याच नवऱ्याला घाबरतात सगळे. मी तोंड कसं दाखवू?" ते मला लागलं. ठरवलं, गाडीचा रोग शोधायचा आणि नाव धुऊन काढायचं.

थंडीत दिलीपभाऊंच्या मळ्यात भरीत पार्टी होती, अक्कांसकट सगळी सासुरवाडी जमली होती. वांगी भाजली जात होती, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या जात होत्या, आणि मी आल्याबरोबर गाडी बंद पडलेली होती.

"दिलीपभाऊ, उठा. मी बघतो."

"तुम्ही?" त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. पण उठले.

मी ताईंशेजारी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. अहाहा! (पण ते असो.) बटण दाबलं. चावी सापडत नाही.

"ताई, चावी द्या."

"पर्समध्ये आहे की."

"पर्स नको, चावी हातात द्या."

ताईंचा चेहरा पडला. हळूच पर्स उघडली. आतून निघाली स्टीलची घट्ट झाकणाची डबी. डबीत खडेमीठ, मोहरी, लाल मिरच्या, काळा दोरा, आणि मधोमध चावी!

"हे काय?"

"अक्कानं सांगितलं होतं, गाडी दारात आली तेव्हाच," ताई पुटपुटल्या. "प्रकाशराव आले की चावी यात ठेवायची. नजर लागू नये म्हणून."

मी चावी बाहेर काढली. बटण दाबलं. घर्रर्र! चुलीजवळची कुत्री पळाली!

मी गाडीतून उतरलो आणि भाषणच ठोकलं. "मंडळी, धातूच्या डबीतून सिग्नल बाहेर पडत नाही! हे विज्ञान आहे! गाडी तुमच्या अंधश्रद्धेनं बंद पडत होती!"

अक्का शांतपणे म्हणाल्या, "म्हंजे तुम्ही वनात म्हनीसनच बंद पडे ना?"

मी यायचो म्हणूनच गाडी बंद पडायची, हे विज्ञानालाही कबूल करावं लागलं. पण दिलीपभाऊ खूश झाले. म्हणाले, "जा, एक चक्कर मारून या!" ताईंनी डबीही माझ्या हातात कोंबली. "राहू द्या जवळ, चावी हरवायला नको."

मी निघालो! हायवेवर टपरी दिसली, तिथं मुद्दाम थांबलो. (चहा प्यायला नव्हे, दिसायला.) गर्दी जमली. कोणी बॉनेटवर हात फिरवतंय, कोणी फोटो काढतंय. "काय भो, कितीले घेतली?" मी नुसता हसलो, जणू माझीच! एक सडपातळ मास्तरछाप माणूस मात्र नुसता बघत होता. दात-ओठ खात, डोळे न हलवता. मला ती नजर ओळखीची होती. बाप रे, हा पठ्ठ्या गाडीला नजर लावणार!

मी घाईनं आत बसलो, चावी मीठ-मोहरीत खुपसली, झाकण गच्च लावलं आणि बटण दाबलं.

गाडी ढिम्म. टपरीवरचे सगळे बघत होते आणि माझं डोकं बधिर झालं होतं. शेवटी डबी खिशात घालून मी मळ्यापर्यंत चालत आलो, आणि धापा टाकत दिलीपभाऊंना सांगितलं, "भाऊ, गाडीला नजर लागली हो! पण या वेळी देवाशपथ, माझी नव्हे!"