वरच्या काकांची चित्रकोडी

प्रश्नाला सरळ उत्तर न देणारी माणसं लखनौत गल्लोगल्ली भेटतात, पण उत्तर चितारून देणारा माणूस अख्ख्या शहरात एकच होता आणि तो तेलीबागेत आमच्या वरच्या मजल्यावर राहत होता, याचा मला आजही अभिमान वाटतो. वरचे काका रेल्वेतून इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेले. "दोन दिवस दिसला नाहीत?" असं विचारलं की खिशातून पेन्सिल निघायची आणि कागदावर पुरात गटांगळ्या खाणारा भलामोठा कान उमटायचा. कान आणि पूर, म्हणजे कानपूर! काकू म्हणायच्या, "लग्नाचा होकारसुद्धा ह्यांनी असाच कळवला. माझे वडील चार दिवस कागद घेऊन बसले होते."

गणेशोत्सवात मंडपात त्यांची कोडी लागायची. एका वर्षी मंडळाचे चिटणीस म्हणाले, "काका, बच्चा लोकांना मराठी जमत नाही हो. या वेळी हिंदीत करा ना." काका उखडले. "अहो, चित्राला कसली आलीय भाषा?" पण भाषा होतीच. पुरात पोहणारा कोल्हा पाहून माझी नऊ वर्षांची चिमी, जिला मराठी सगळं कळायचं पण जी बोलायची हिंदीतच, गोंधळून म्हणाली, "लोमड़ी... बाढ़... आजोबा, ये कौन सा शहर है?" काकांनी उत्तर सांगितलं नाही. "घरी जा आणि लोमड़ीला आपण काय म्हणतो ते आईला विचार." त्या संध्याकाळी घरोघरी पोरं आयांच्या मागे लागली. दुसऱ्या दिवशी मंडपात आरोळी उठली, "कोल्हापूर!" ती चिमीची होती. माझी छाती फुगलीच, पण काकांची दोन बोटं जास्त.

तेव्हापासून चिमी रोज वर. आधी सोडवायला, मग स्वतःची कोडी घालायला. काका प्रत्येक कोडं चुटकीसरशी सोडवत आणि "हरलो नाही बरं का!" म्हणून तिला चिडवत.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलानं काका-काकूंना कायमचं पुण्याला बोलावून घेतलं. अमौसी विमानतळावर सोडायला गेलो तेव्हा चिमीनं त्यांच्या हातात एक कागद ठेवला. एक कान, पण उलटा. शेजारी तिची आई आणि माझ्या भावाची बायको, दोघी जावा, हात धरून उभ्या. कान उलटा वाचला की नका. पुढे जाऊ, म्हणजे 'नका जाऊ'.

काकांनी कागद उलटा धरला, तेव्हाच मला कळलं की कोडं सुटलंय.  मान वर न करताच ते म्हणाले, "नाही गं सुटत. हरलो मी."

"आजोबा हार गए!" चिमीनं टाळ्या पिटल्या. काकांनी कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि काकूंची बॅग उचलून ते आत गेले.

घरी येईपर्यंत चिमी हसत होती. मी तिला काही सांगितलं नाही.