टाचणीवरचा नवरदेव

टेलरकाकांनी जावयाच्या कोटासाठी फूल स्वतः निवडलं होतं. अकरा गुलाब कोटाला लावून बघितले आणि “याचा खांदा उतरलाय” म्हणत दहा बाद केले. पण लग्नाच्या कचेरीत पोचले आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणीतरी ते फूल चक्क टाचणीनं लावलं होतं!

“टाचणी? नवरदेव काय ट्रायलला आणलाय?”

सुईदोऱ्याशिवाय काका न्हाव्याकडेही जात नसत. बाकड्यावर लेकीला खेटून बसलेल्या जावयासमोर त्यांनी गुडघे टेकले. “जावईबापू, हलू नका.” दुहेरी दोरा, बारीक टाके, वर तीन गाठी. दोरा त्यांनी दातानं तोडला.

लेक सही करायला उठली, तसा जावईही तिच्या मागे फरफटत उठला. फुलासोबत कोट, शर्ट, बनियन आणि लेकीची ओढणी, सगळं एकत्र शिवलं गेलं होतं.

काकू कात्री घेऊन धावल्या.

“खबरदार! माझा टाका उसवायचा नाही!”

लग्न नोंदवणाऱ्या साहेबांनी टाका ओढून पाहिला आणि पेनाला टोपण लावलं.

“मग माझं काय काम, काका? माझी सही तर कोर्टात उसवता येते.”