फॉर्म कुणी टाकला?

निवृत्तीनंतर कित्येक गुन्हे विसरलो, पण गेवराई तालुक्यातली ती घटना आजही आठवते आणि मन खट्टू होते.

सकाळची हजेरी चालू असताना उमापूरचे एक वयस्कर गृहस्थ ठाण्यात आले. त्यांची मुलगी एका खासगी कारखान्याच्या कार्यालयात नोकरीला होती. कार्यालयाची अंतर्गत वेबसाइट होती. रजेचे अर्ज, सूचना सगळे त्या वेबसाइटवरच. एके दिवशी तिथे फॉर्म आला: महिलांनी अडचणी मोकळेपणाने लिहाव्यात, नाव उघड होणार नाही. मुलीने विभागप्रमुखाच्या वाईट वागण्याबद्दल लिहिले. काही दिवसांतच त्या मजकुराचा फोटो, तिच्या नावासह, सासरच्यांच्या मोबाइलवर पोचला. त्यांनी तिला माहेरी आणून सोडले.

"साहेब, तिचं काय चुकलं? इचारलं म्हणून लिहिलं ना तिनं?" वडील म्हणाले. मी फिर्याद नोंदवून घेतली.

कार्यालयात सर्वांनी संगणक ऑपरेटरकडे बोट दाखवले. ठाण्यात आला तेव्हा तो घामाघूम झाला होता. "फॉर्म मीच बनवला साहेब, मॅनेजर साहेबांनी सांगितलं म्हणून. पण तो लोकांसमोर टाकायची परवानगी मला न्हाई." खोटे बोलणारा पाठ केल्यासारखे बोलतो. हा दर वेळी अडखळत, वेगळ्या शब्दांत, पण तेच सांगत होता.

मॅनेजरने कानावर हात ठेवले. मग वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीला पत्र देऊन नोंदी मागवल्या. मॅनेजरच्या लॉगिनवरून विभागप्रमुखाला फॉर्म प्रसिद्ध करण्याचा अधिकार दिला गेला होता आणि काम झाल्यावर काढून घेतला होता. प्रसिद्ध करणाऱ्यालाच उत्तरे दिसत, नावांसकट.

नोंदी समोर ठेवताच मॅनेजर खाली बघत म्हणाला, "विभागप्रमुखांनी अधिकार मागितला, मी दिला. एक बटण तर दाबायचं होतं. कावून पाहिजे, कशासाठी पाहिजे, ते मी इचारलंच न्हाई."

विभागप्रमुख बराच वेळ उडवाउडवी करत राहिला. जप्त केलेल्या मोबाइलमध्ये ते फोटो सापडले, तेव्हा म्हणाला, "माझ्याविरुद्ध कोण बोलतं, ते बघायचं होतं."

फोटो पसरवल्याबद्दल विभागप्रमुखावर न्यायालयात दोषारोपपत्र गेले. पण त्याच्या वागण्याचा गुन्हा नोंदवायला मुलीचा जबाब हवा होता. महिला अंमलदाराला घेऊन मी उमापूरला गेलो. ती ओसरीवर बसली होती. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"लिहिलेलं सगळं खरं हाय साहेब. पण आता मी सांगणार न्हाई."

"तुझं नाव बाहेर जाणार नाही, बाई," मी म्हणालो.

"त्या फॉर्मवर बी असंच लिहिलं होतं."

अंमलदाराने जबाबासाठी काढलेला कोरा कागद घडी करून परत ठेवला.

एखाद्याला मोकळेपणाने बोल म्हणण्याआधी ते बोलणे कुणाच्या हाती जाणार हे पाहावे, एवढे मी या प्रकरणातून शिकलो. तिला त्याचा उपयोग झाला नाही. ती पुन्हा नोकरीवर गेली नाही, सासरीही नाही. आणि ज्या वागण्याबद्दल तिने लिहिले होते, त्याचा गुन्हा आमच्या ठाण्यात कधीच नोंदवला गेला नाही.